शंभर बेशुद्ध

सीपीआरचा मेडिकल वॉर्ड, खाट नंबर सतरा.
बाबालाल नदाफ, वय एकतीस, धंदा पिंजाऱ्याचा,
पण सहा महिने वास्कोला सेंट्रिंगच्या कामावर.
ताप तिकडनंच आणलेला.
निपाणीपर्यंत बोलत होता म्हणे एसटीत,
कागल सुटलं आणि बोलणं तुटलं.

क्विनाईन चालू होतंच.
पण नुसती सलाईन टपकताना बघत उभं राहायला
छाती लागते. ती तेव्हा नव्हती माझ्याकडे.
मेंदूला सूज असणार, सुजेवर स्टेरॉइड.
किती सरळ गणित!
दर सहा तासांनी डेक्सा.
सिस्टर हिवाळे ॲम्प्यूलची मान मोडायच्या, टिक्कन,
आणि तेवढ्या आवाजानं
व्हरांड्यातल्या माणसांना धीर यायचा.

चौथ्या दिवशी पहाटे बाबालालनं चहा मागितला.
आईनं त्याच्या माझे पाय धरले.
महिन्याभरानं रिक्षाच्या टपावर बांधून
घरी गादी आली,
'इंजेक्शनवाल्या डॉक्टरांना'.

मग कधीतरी लायब्ररीत, फाटक्या पुठ्ठ्याच्या जर्नलात
एक पान सापडलं,
माझ्या पहिल्या डेक्साच्याही आधी छापलेलं.
दूरच्या देशात शंभर बेशुद्ध.
पन्नासांना औषध,
पन्नासांना औषधासारखं दिसणारं काहीतरी,
देणाऱ्यालाही ठाऊक नाही कुठलं कुठलं.
मेले दोन्हीकडचे, जवळपास सारखेच.
जगलेल्यांत मात्र औषधवाले
उशिरा जागे झाले.

उशिरा.
तेवढा एकच शब्द घेऊन बिंदू चौकापर्यंत चालत आलो,
सायकल तिथंच विसरून.

बाबालाल तिसऱ्याच दिवशी उठला असता काय?
एका माणसाला विचारून हे कळत नाही.
त्याला शंभर लागतात.

पुढच्या साली गारगोटीकडची एक पोरगी आली, तशीच.
क्विनाईन, वेळोवेळी रक्तातली साखर, या कुशीवरनं त्या कुशीवर.
सिस्टरनी ॲम्प्यूल हातात धरून माझ्याकडं पाहिलं.
नको, म्हणालो.
बाप म्हणाला, "सायेब, आणि कायतरी द्या की वो."
न दिलेलं औषध
कुठल्या बाटलीत दाखवायचं त्याला?
स्टूल ओढून बसून राहिलो.
ती उठली की नाही, हे सांगून काहीच सिद्ध होत नाही,
म्हणून सांगत नाही.

गादी अजून आहे.
दोनदा पिंजून घेतली, बाबालालच्याच मुलाकडनं.
पैसे घेत नाही तो.
दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो
माझ्या इंजेक्शनची गोष्ट.
परवा मी तिथंच उभा होतो,
हातात खोळ.