खालच्या मजल्यावरून

पहिली चिठ्ठी आली तेव्हा बाहेर उणे एकवीस होतं
आणि रीएस्का माझ्या डाव्या बुटाची जीभ
उपसून काढत होती. डावाच.
उजव्याला तिनं आजवर दात लावलेला नाही.
चिठ्ठीत एवढंच :
"पहाटे ५.४०, नखं. ६.१०, भुंकणं.
सायंकाळी ७.०५, काहीतरी पडलं.
स. केरानेन, दुसरा मजला."

पडलो होतो मी.

चार महिन्यांचं पिल्लू, रेनडिअर वळणाऱ्या कुळातलं.
आणि कळप म्हणावा तर आमच्याकडे
एक व्हॅक्युम क्लीनर, एक मी,
आणि खिडकीतून दिसणारी, गोठलेल्या समुद्रात भोक पाडून
गळ टाकून बसलेली चार माणसं,
जी कितीही भुंकलं तरी हलत नाहीत.
म्हणून ती मला वळते.
चुलीपासून सोफ्याकडे, सोफ्यापासून दाराकडे,
घोट्याला दात लावून.
मी तिचा एकुलता एक रेनडिअर,
एकसष्ट वर्षांचा, गुडघे वाजणारा,
सारखा कळप सोडून संडासात जाऊन बसणारा.

"पळव तिला," इमारतीच्या सॉनात आर्मास म्हणाला,
"दमलेलं कुत्रं शहाणं कुत्रं."
पळवली. बर्फावरून तीन किलोमीटर, मग पाच, मग आठ.
महिन्याभरात मी वाळलो, तिच्या मांड्या भरल्या.
एका दांडगट पोरीला मी
फुकटात पैलवान करून ठेवलं.

चिठ्ठ्या येतच राहिल्या, दाराच्या फटीतून,
चौकटीच्या कागदावर, हिशेबनिसाचं अक्षर.
एकही शिवी नाही, एकही विनंती नाही. नुसत्या वेळा.
मी त्या रागारागानं फ्रिजवर लावत गेलो
एकाखाली एक,
म्हणजे कधी भांडायची वेळ आली तर पुरावा हाताशी.

मग तो गुरुवार. बाही कोपरापर्यंत फाटलेली,
मनगटावर दातांचे चार ठिपके,
आणि ती पडद्याला लोंबकळलेली, डोळे लाल, श्वास भात्यासारखा.
मी गोठलेल्या मटारांची पिशवी हातावर दाबून
फ्रिजसमोर उभा. समोर ती चिठ्ठ्यांची रांग :
सायंकाळी ७.०५.
७.१०.
६.५५.
रविवारी ७.
७.०५.

एकोणतीस वर्षं मी कागद गिरणीत तीन नंबरच्या यंत्रावर होतो.
कागद फाटायच्या आधी सुई थरथरते.
नवखा माणूस घाबरून वेग वाढवतो.
आम्ही ताण उतरवायचो.
एवढं ठाऊक असलेला माणूस
थरथरणाऱ्या पोराला रोज संध्याकाळी
अजून आठ किलोमीटर पळवत होता.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच दिवा मालवला.
कोपऱ्यात जाळीचं दार, आत जुनी चादर,
फ्रीझरमधलं गाजर. आणि जाळीला टेकून मी,
पाय पसरून, काहीही न करता.
गिरणी बंद पडल्यापासून हे मला जमलेलं नव्हतं.
तिनं अकरा मिनिटं टाहो फोडला.
चादरीचा कोपरा खाल्ला.
मला उद्देशून असं काही बोलली
की आर्मासही लाजला असता.
आणि मग मधेच, गाजर तोंडात तसंच,
बटण बंद केल्यासारखी
आडवी.

सुतासारखी सरळ झाली असं कुणाला सांगणार नाही.
शनिवारी टेबलाचा पाय गेला.
सकाळचे घोटे अजून तिचेच.
पण सात वाजतात आणि वाजून जातात.
झोपेत तिचे पाय पळतात;
कुठलातरी कळप, माझ्याहून आज्ञाधारक.

आज पुन्हा फटीतून कागद आला.
"काल सायंकाळी काही ऐकू आलं नाही. परवाही नाही.
सगळं ठीक आहे ना?
सिर्का."

मी कितीतरी वेळ तो कागद धरून उभा होतो.
मग रीएस्काची झोप न मोडता
डाव्या बुटाचं जे काही उरलं होतं ते उचललं
आणि जमिनीवर
एकदाच, हलक्या हातानं,
आपटलं.