हेच की एच

विमानात आम्ही चोवीसजण बेलफास्टचे.
बारा यांचे, बारा त्यांचे,
अंड्यांच्या ट्रेसारखे मोजून बसवलेले.
मिनेसोटात एक तळं, काठावर मिसेस लिंडक्विस्टचं घर,
वरच्या खोलीत दोन पलंग.
मी, डर्व्हला, खिडकीपाशी. ती दाराजवळ.

पहिल्या दिवशी फ्रीजवर नावं चिकटवायची होती.
"तुझं कसं लिहू?" मी विचारलं.
"एच, ए, झेड, ई, एल."
"हेच," मी म्हणाले.
"एच," ती म्हणाली.
झालं. पत्ता विचारायची गरज उरली नाही.
आमच्याकडे एवढ्या एका श्वासावरून कळतं
कोणाची शाळा कुठली,
फुटपाथची कड कोणत्या रंगाची,
आणि अंधार पडल्यावर
कुठल्या गल्लीत वळायचं नाही.

मिसेस लिंडक्विस्ट हसून म्हणाल्या,
"मला तर तुम्ही दोघी सारख्याच ऐकू येता."
आम्ही दोघीही दुखावलो.
आमचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

पुस्तिकेत लिहिलं होतं: रोज एक प्रश्न विचारा.
"वडील काय करतात?"
"नोकरी."
मग बराच वेळ फक्त डास.
"सकाळी गाडीखाली वाकून बघतात.
ते उभे राहून हात झटकेपर्यंत
आम्ही दाराबाहेर पाऊल टाकायचं नसतं."
मी काहीतरी म्हणायला हवं होतं.
माझा चुलतभाऊ कुठल्या तुरुंगात आहे, कशासाठी,
अगदी ओठांवर आलं
आणि मी ते गिळलं,
पाण्यावाचून गोळी गिळावी तसं.
तिने माझ्या उशीखालची जपमाळ पाहिली होती.
तीही काही बोलली नाही.

तळ्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही उन्हाने भाजून निघालो.
असं ऊन आमच्या दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं.
आपली पाठ आपल्याला दिसत नाही,
हातही पुरत नाही तिथवर.
तिने बाटली पुढे केली, पाठ फिरवली.
गुलाबी औषध, गार. खांद्यांवर तीळच तीळ.
मी लावत राहिले.
मग मी पाठ फिरवली.

परतल्यावर विमानतळाबाहेर तिचे वडील उभे होते,
गर्दीकडे नाही, गाड्यांकडे बघत.
तिने हात हलवला, पण कमरेपर्यंतच उचलून,
कोणाला दिसू नये असा.
नाताळात तिचं पत्र आलं.
मी उत्तर लिहिलं, तिकीट लावलं,
आणि टाकलं नाही.

आता शाळांतून मला बोलावतात,
त्या दिवसांबद्दल मुलांना सांगा म्हणून.
मोठं असं काही माझ्यापाशी नाही.
दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत मी लोकांची नावं लिहून घेते:
ह्यू, हॅना, हार्व्ही,
प्रत्येकाला हेच, हेच, हेच.
गेल्या मंगळवारी एक म्हातारी आली, नाव हेझल.
ती ती नव्हती.
पण माझ्या तोंडून निघालं, "एच?"
म्हातारीने चष्म्यावरून पाहिलं मला,
माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे,
आणि म्हणाली, "कसंही लिही गं, पोरी.
पण रांग फार मोठी आहे."