बेचिराग

जिल्ह्याची हद्द : एक रेघ, एक टिंब.
तहसिलीची : एक रेघ, दोन टिंबं.
पटवारी हलक्याला नुसतीच टिंबं,
आणि गावाला, जागा उरली तर, नाव.
मोतीमहालातल्या नक्शा-शाखेत
एकतीस वर्षं मी एवढंच केलं.

गिर्द, डबरा, भितरवार.
गिर्द म्हणजे भोवताल.
शहराला स्वतःभोवती काहीतरी लागतंच,
म्हणून तेवढ्या सगळ्या गावांना मिळून ते एक नाव.
आता तेही गेलं.
चिनोर वेगळी निघाली, घाटीगाव वेगळं.
घरातली वाटणी झाली की भांडी तरी मोजतात.
इथे फक्त शाईचा रंग बदलला
आणि पेशीला जाणाऱ्यांनी
रस्त्याच्या दुसऱ्या बाजूची बस धरली.

यादीत काही गावांपुढे एक शब्द यायचा : बेचिराग.
क्रमांक आहे, क्षेत्रफळ आहे, चारी शिवा आहेत,
लोकसंख्येच्या रकान्यात आडवी रेघ.
जिथे दिवा लागत नाही ते गाव.
लष्करातल्या घरी, जेवताना, मी हे सांगितलं
तर सासूबाई म्हणाल्या, अगं, बेचिराख म्हण.
त्यांच्या शब्दात आग होती,
कुणीतरी येऊन जाळून गेलेलं काहीतरी.
आमच्या कार्यालयात तसं नव्हतं.
तिथे कुणी काही जाळलं नव्हतं.
दिवा नव्हता, एवढंच.
ग आणि ख.
तेवढ्या अंतरात मी हात धुऊन परत आले.

ब्याऐंशीच्या माघात, मौजा पिपरखेरी खुर्द.
शिवेच्या तंट्याचा मोका पाहायला गेलो,
मी, पटवारी रामजीलाल कुशवाह, जरीब ओढणारा पोरगा.
(बुजुर्ग कुठेच सापडलं नाही.
खुर्द आहे आणि बुजुर्ग नाही,
जत्रेत थोरला भाऊच हरवावा तसं.)
उतारावर, खैरांच्या मागे
सात झोपड्या. शेळ्या. एक बाई
सुपात डिंक निवडत बसलेली.
कुशवाह म्हणाले, मॅडम, हे गाव बेचिराग आहे.
बाईनं वर पाहिलं. गुलकंदी, सहरिया.
"हम तौ इतैई हैं," म्हणाली,
कुणी हाक मारल्यासारखी.

मोजणी उरकेपर्यंत अंधार पडला.
तिनं बाटलीची चिमणी लावली.
रॉकेल कुठून आणलं ते मी विचारलं नाही;
गावात माणूसच नाही तर
रेशनचं कार्ड कुणाच्या नावानं निघणार.
कुशवाहांनी त्याच उजेडात पंचनामा लिहिला :
मौके पर कोई आबादी नहीं पाई गई.
मी सही केली.
साक्षीला आणखी एक जण लागत होता.
गुलकंदीनं अंगठा दिला.

परतल्यावर ट्रेसिंगवर, त्या जागी,
मी एक टिंब ठेवलं, सगळ्यात बारीक निबेचं.
कुठल्याच हद्दीचं नव्हतं ते.
खुणांच्या सूचीत त्याला नाव नाही.
साहेबांनी विचारलं असतं
तर माशीवर ढकललं असतं.

कुणी विचारलं नाही.
पुढच्या सगळ्या नकला त्यावरूनच निघाल्या,
माझ्यामागून आलेल्या पोरांनी
ते टिंब इमानानं उतरवत नेलं.
आता म्हणे कॉम्प्युटरवर आहे.
खूप मोठं करून पाहिलं
तर दिसतं.