छप्पर किती खाली आलं

हैमाच्या पोलीस यार्डात दुपारी टेपसुद्धा पोळते,
म्हणून मी पहाटेच येते.
क्रेनवाला गुलरेझ फाटक उघडतो, म्हणतो,
"तुझी आणखी एक आलीय."

उंट उंच. गाडीचं नाक त्याच्या पायांत शिरतं
आणि धड, पाचशे किलो,
काच फोडून छपरावर येतं.
बंपर बघावा तर फारसा ओरखडाही नाही.

मी लिहिते: छप्पर, चालकाच्या बाजूला,
एकतीस सेंटिमीटर खाली.
पट्टा लावलेला होता. ताण पडलेल्या पट्ट्यावर
इस्त्री चुकल्यासारखी चकाकी राहते.
एअरबॅग उघडली नाही, तिला काही कळलंच नाही.
काचेच्या जाळीत केस, रेताड रंगाचे.
मागच्या सीटवर खजुराचा डबा, झाकण घट्ट.
डब्यासाठी रकाना नाही.

नाव मी विचारत नाही. एकदा विचारलं होतं.

दूर थंड देशातल्या प्रयोगशाळेत
अठ्ठ्याहत्तर किलोचा पुतळा बसवतात,
तोंडाला ओला रंग फासतात, हळद लावावी तसा,
कुठे आदळला ते उमटावं म्हणून.
पापणी लवायच्या आत सगळं उरकतं.
मग पुसून पुन्हा बसवतात त्याला.

तिथून पत्र आलं: रबराचा उंट करायचाय, मापं पाठवा.
मुबारक जुनैबीच्या कुंपणात गेले.
जमीन ते पोट, एकशे सत्तावीस.
म्हातारा हसला, "झबलं शिवतेस काय तिला?
गळा मोठा ठेव."
सांडणीनं माझ्या कानाशी उसासा सोडला.
मग तोच हळू म्हणाला, "हिची आई रस्त्यावर गेली.
त्या पोराला मीच बाहेर काढला."
पुढचं बोलला नाही. मी टेप गुंडाळत राहिले.

चार वर्षांनी नवी गाडी मिळाली.
काचेच्या कडेचा खांब दोन बोटं जाड.
मी हात ठेवला त्यावर,
ताप उतरलाय का बघावं तसा.

रात्री सलालाच्या रस्त्याला लागले.
त्या दोन बोटांआड
रस्त्याची एक चीर झाकते,
उंट उभा राहील एवढी.
मी मान पुढे काढून बघते,
मागे घेते, पुन्हा काढते,
शंभरवरून ऐंशीवर येते.
लिहायला हवं हे.
सकाळी.