दोरा दिसला पाहिजे

दिग्दर्शक तिशीतला. दोन पायांत दोन रंगांचे मोजे.
साखर पेठेतल्या आमच्या बोळात गाडी शिरेना
म्हणून चालत आला,
आणि नायनांच्या पंचिंगच्या खोलीचं दार ठेंगणं
म्हणून वाकून आत.

खुंटीपासून खुंटीपर्यंत पुठ्ठ्यांची माळ,
पुठ्ठ्यांत भोकंच भोकं.
बघत राहिला. मग म्हणाला,
हाच. हाच माझ्या खलनायकाचा मेंदू.

नायना चहा सांगायला उठले.
चाळीस वर्षं त्यांनी चादरींवर मोर पाडले, कमळं पाडली.
भोक असेल तिथं दोरा वर,
नसेल तिथं खाली,
एवढंच त्यांचं शास्त्र.

तो हातवारे करून सांगत होता:
जुन्या हेरपटांसारखा सिनेमा काढायचाय, काका.
चंद्राच्या पोटात गुप्त तळ,
चांदीच्या कपड्यांतले पहारेकरी,
हेराच्या घड्याळात किरण, बुटात टेलिफोन.
आणि सगळं तेव्हाइतकंच खोटं.
दार पुठ्ठ्याचं, चंद्र थर्माकोलचा,
रॉकेट उडताना तर
वरचा दोरा दिसला पाहिजे.

नायना दारातच थांबले.
"दोरा दिसला म्हंजे माल सेकंड की ओ."
"सेकंडच पाहिजे, काका."

अक्कलकोट रोडला बंद पडलेल्या शेडमध्ये
मे महिन्यात अकरा रात्री चंद्र उगवला.
पहारेकरी रेनकोटच्या कापडात उकडून निघाले,
ताकाच्या बादल्या संपल्या.
शेजारची बालामणी बिड्यांचं सूप बाजूला सारून
दोन रात्री शास्त्रज्ञ झाली.
हिची बोटं बघा, म्हणाला तो,
आणि जग उडवायची सगळी बटणं तिलाच दिली.
तिसऱ्या रात्री आली नाही;
हजार बिड्यांचा हिशेब द्यायचा होता.

सिनेमा लागला तो दुपारचा खेळ.
आम्ही धरून अकरा माणसं.
नायना इस्त्रीचा शर्ट घालून,
खुर्चीला न टेकता.

पडद्यावर मेंदू खडखडला.
पुठ्ठ्यामागून पुठ्ठा वर चढत गेला,
दिवे लुकलुकले, काटा लाल घरात शिरला,
खलनायक गरजला:
या भोकांत पृथ्वीचा शेवट लिहिलाय!

आणि अंधारात माझ्या शेजारी
नायनांना हसू फुटलं.
"हत्ती हाय गं तो.
बाळाच्या चादरीतला.
उलटा लावलाय, सोंड खाली आली बघ."
मागच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं.
ते गप्प झाले, पण ओठ हलत होते,
चौथा, पाचवा, सहावा पुठ्ठा.
सातव्यात एक भोक चुकलेलं.
त्यांनीच सांगितलं मला, घरी गेल्यावर, दोनदा.

मग हेरानं दोन्ही हातांनी
माळ तोडली.
जग वाचलं. सहा-सात जणांनी टाळ्या वाजवल्या.
नायनांचा हात माझ्या मनगटावर आला
आणि तिथंच राहिला.
तीन दिवस लागले होते
ते पुठ्ठे एकमेकांना बांधायला.

शेवटी रॉकेट उडालं,
डगमगत, मागे फटाक्याचा धूर सोडत,
आणि वर, उजेडात, क्षणभर चमकलं काहीतरी.
नायना पुढे झुकले.
चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"दिसला," म्हणाले.
मग थोड्या वेळानं,
चपला पायानं चाचपत,
"वीस नंबरचं सूत हाय.
आपल्याच बोळातलं."