बिडाची शेगडी

बुधवारी जुन्या बाजारात
गोणपाटावर पालथी पडली होती.
गंगावणे म्हणाला, 'बीड आहे, पत्रा नाही,'
आणि टिचकी मारून दाखवली.
आवाज बद्द आला. तरी साडेसातशे मोजले.

दांडेकर पुलाच्या खड्ड्यात
स्कूटरवरच तिचा एक पाय निखळला.

मग तीन रविवार
रॉकेल, तारेचा ब्रश, बायकोचं मौन.
गंजाखाली काजळी, काजळीखाली
कुणाचं तरी उतू गेलेलं दूध,
थरावर थर, दगड झालेलं.
छिन्नीने काढलं.

नोझल बोहरी आळीत नाही.
'भंगारात घाला,' चार दुकानांत ऐकलं.
पाचव्यात मोहसीनभाईंनी
लेथवर पितळेचं करून दिलं,
विचारलं, 'ठेवणार कुठे?'
हे मला सुचलंच नव्हतं.

जवसाचं तेल चोळताना दिसलं:
डाव्या बर्नरची भोकं
जळून जळून रुंदावलेली,
उजव्याची ओतली तशीच, कोरी.
म्हणजे एकच भांडं चढायचं.
तेही लहानसं असणार.

नळीवर साबणाचा फेस फिरवला.
बुडबुडा नाही.
काडी ओढली, उजवा लावला.
भप्प. पिवळा. खोकत खोकत निळा.

बायको पातेलं घेऊन दारात.
'डावा का नाही लावला?'

'दमलाय,' म्हटलं.