साठ पानं

एकतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात
मी चुका शोधल्या.
आकडा पुसट, चौकट सरकलेली, शाईचा थर एका कडेला जाड,
असा ताव हाताला लागला की बाजूला.
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.

आज तीच बोटं घेऊन
कॉलेज रोडला, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर
धापा टाकत उभा आहे,
उर्वीच्या दहाव्या वाढदिवसाचा
पत्त्यांचा डबा निवडायला.
तिच्या आईचा मामा मी, म्हणून तिचाही मामाच.
"साधे नाहीत हं," तिनं बजावलं होतं,
"नाहीतर राजा-राणीवाले आणशील."
द्वारकेला बस अर्धा तास थिजली,
तेवढ्यात पाठ केलं:
तयार डेक. साठ पानं. सील न फोडलेलं.

दुकानातला पोरगा गायधनींचा, हनुवटीवर चार केस,
पण विचारणं वैद्यासारखं.
"खेळणारी कशी आहे?"
"पाचवीत आहे."
"तसं नाही काका. कशी आहे?"

लाल डब्यावर कुणीतरी आग ओकत होतं.
"यात विचार कमी. पान आलं की टाक, मार.
पोरांना हाच लागतो."
निळा. "समोरच्याचं प्रत्येक पान अडवायचं,
त्याला खेळूच द्यायचं नाही.
जिंकतो माणूस, पण परत कुणी खेळायला बसत नाही."
हिरवा त्यानं जरा उशिराच काढला, खालच्या फळीवरून, फुंकर मारून.
"यात आधी नुसती माती. मग बी.
पाच-सहा हात मार खात बसायचं,
आणि मग एकदम रान.
सांगून ठेवतो, पहिला महिनाभर हरेल."

मला दिवाळीतला बदाम सात आठवला.
सगळे पानं दाबून बसलेले,
माझी तर चौकटची अठ्ठी मांडीखालीच,
आणि ही, इस्पिकची छक्की आली तशी खाली ठेवणारी.
"अगं, अडवायचं असतं," मी कानात म्हटलं.
"पण दादाची पंजी कधीची वाट बघतेय."
सलग सात डाव हरली.
आठव्याला पत्ते तिनंच पिसले.

"हिरवा," मी म्हणालो.

बिल फाडता फाडता पोरानं विचारलं,
"आणि समोर कोण बसणार?"

हे माझ्या पाठांतरात नव्हतं.
सुवर्णाची दवाखान्यात रात्रपाळी, दिवसा झोप.
दादा आता पुण्याला, होस्टेलवर.
सातपूरच्या त्या दोन खोल्यांत दुपारभर
टीव्हीच काय तो बोलतो.
पाकीट चाचपलं.
ओळखीच्याच नोटा, एकेक करून परक्या हातात दिल्या
आणि लालही घेतला.
जन्मभर सगळं तपासून बाजूला ठेवलं,
आता थोडी जाळपोळ चालेल.

संध्याकाळी तिनं सील दातांनी फोडलं.
पानं मी मोजली, सवयच ती.
साठ होती. पण एकेचाळिसावं अंगठ्याला लागलं:
चौकट डावीकडे घसरलेली,
पाठीवर वड उगवलेलं एक कासव
पानाबाहेर निघाल्यासारखं.
"बदलून आणतो," म्हणत मी चपलेत पाय घातलाही.
ती पान नाकाशी धरून बसली होती.
"हे चालत नाही का?"

गायधनींच्या पोराला फोन लावला.
"मागून बाकीच्यांसारखंच दिसतंय ना?
मग चालतं की, काका."

तिनं कासव गठ्ठ्यात सरकवलं, पिसायला घेतलं.
हात लहान, पानं मोठी,
चार खाली सांडली.
"बघू नकोस हं!"
मी भिंतीकडे तोंड करून उचलली,
तशीच तिच्या हातात दिली.
त्यातलं एक कासव होतं.
बोटांना कळलं. मी बोललो नाही.

"उतारी तुझी," ती म्हणाली.